ईशभयाचा पोशाख आणि कष्टाचे कपडे



दिव्य कुरआनात सूरह अल्-आराफच्या २६व्या आयतीत सर्वसमर्थ अल्लाहने पोशाखाचा उल्लेख आपली देणगी म्हणून केला आहे. त्या आयतीचा आशय असा की, मानवाची लज्जा झाकावी आणि त्याला शोभा लाभावी म्हणून अल्लाहने वस्त्र उतरविले. परंतु ईशभयाचे, म्हणजे तकव्याचे वस्त्र सर्वांत उत्तम होय. येथे संबोधन केवळ ईमानधारकांना नाही, आदमच्या सर्व संततीला आहे. पाऊस, अन्न आणि प्रकाश यांप्रमाणेच वस्त्र ही अखिल मानवजातीवरील कृपा आहे. पुढे सूरह अन्-नहलच्या ८१व्या आयतीत आणखी एक उद्देश सांगितला आहे. उन्हापासून वाचविणारी वस्त्रे आणि लढाईत अंगाचे रक्षण करणारी वस्त्रे यांचा तेथे अल्लाहच्या उपकारांत समावेश केला आहे.

या दोन्ही आयती एकत्र वाचल्या, म्हणजे पोशाखाचे तीन उद्देश समोर येतात: लज्जारक्षण, शोभा आणि शरीराचे संरक्षण. या तिन्हींवर तकव्याची देखरेख आहे. आपण बहुधा पहिल्या उद्देशाविषयी बोलतो आणि उरलेले दोन विसरतो. शिवाय आपली चर्चा मशिदीतील, लग्नातील आणि ईदच्या पोशाखाभोवतीच फिरते. प्रत्यक्षात कष्टकरी मुस्लिम स्त्री-पुरुषांच्या जागेपणाचा मोठा भाग कामाच्या कपड्यांत जातो. त्या कपड्यांविषयी धर्म काय सांगतो, याचा विचार आज करू या.

उजनी धरणाच्या काठची गावे डोळ्यांसमोर आणा. माढा तालुक्यात भीमा नदीवर बांधलेले हे धरण १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी साठवणीचा हा यशवंतसागर करमाळा आणि इंदापूर तालुक्यांच्या बाजूने दूरवर पसरला आहे. जुनी गावे पाण्याखाली गेली, माणसे उठून वर आली आणि कामेही बदलली. कोणी जाळे टाकून चिलापी, रोहू, कटला धरतो. कोणी उसाच्या फडात, तर कोणी कंदर परिसरातील केळीच्या बागेत राबतो. कोणी टेंभुर्णीत दुकान चालवितो, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवितो, कोणी साखर कारखान्यात पाळीवर जातो. एकाच मशिदीच्या एकाच सफमध्ये उभ्या राहणाऱ्या या माणसांचे दिवसभराचे कपडे एकमेकांपासून अगदी वेगळे असतात. ज्या शेतकऱ्याला आणि मासेमाराला अल्लाहने निर्माण केले, त्याच्या घामाची आणि चिखलाची तरतूद अल्लाहच्या धर्मात नसेल, हे कसे संभवते?

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मदीनेतील मशीद कष्टकऱ्यांचीच होती. ह. आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे की, लोक स्वतःची कामे स्वतः करीत आणि मदीनेभोवतीच्या वस्त्यांतून धुळीने व घामाने भरलेल्या अंगानेच जुमाच्या नमाजला येत. प्रेषितांनी (स.) त्यांना परत पाठविले नाही आणि त्यांच्या कामालाही नावे ठेवली नाहीत. या दिवसासाठी आंघोळ करून यावे, एवढेच प्रेमाने सुचविले. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसचा आशय असा की, ज्याला शक्य असेल त्याने कामाच्या कपड्यांखेरीज जुमासाठी एक वेगळा जोड ठेवावा. येथे ‘कामाचे कपडे’ हा स्वतंत्र उल्लेख आला आहे, हे ध्यानात घ्या. कामाचे कपडे वेगळे असतात, ते मळतात, ते झिजतात, ही गोष्ट प्रेषितांनी (स.) सहज स्वीकारली. ते स्वतः आपले वस्त्र शिवीत आणि पायताण दुरुस्त करीत.

परंतु आज आपल्या काही वस्त्यांत काय घडते? जाळे ओढून आलेला तरुण अस्रच्या वेळी मशिदीच्या दारापाशी घुटमळतो आणि माघारी फिरतो, कारण त्याच्या शर्टावर डाग आहेत. केळीचे घड वाहणारा मजूर म्हणतो, “घरी जाऊन कपडे बदलीन, मग पढेन”, आणि घरी पोहोचेपर्यंत नमाजची वेळ टळते. या बंधूंना स्पष्ट सांगितले पाहिजे की, मळका कपडा आणि नापाक कपडा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेतातील मातीने, घामाने अथवा तेलाच्या डागाने कपडा नापाक होत नाही. हनफी फिकहनुसार माशाच्या रक्तानेही होत नाही. केळीचा चीक एकदा लागला की त्याचा काळपट डाग कितीही धुतला तरी जात नाही; तो केवळ डाग आहे, अपवित्रता नव्हे. खरोखर नापाक वस्तू लागली असेल, तर ती नीट धुऊन काढावी. त्यानंतर उरलेल्या फिकट खुणेने नमाजला बाध येत नाही.

मात्र या सवलतीच्या जोडीला शेजाऱ्याचा हक्कही आहे. कच्चा कांदा किंवा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, कारण त्या वासाने इतर नमाजींना त्रास होतो. म्हणून मासळीचा उग्र वास असलेला सदरा काढून, हातपाय धुऊन आणि पिशवीत ठेवलेला स्वच्छ सदरा चढवून जमातीत यावे. एक जादा सदरा आणि एक लुंगी होडीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवणे अवघड नाही. पाण्यात उतरताना अर्धी चड्डी घालणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, बहुसंख्य विद्वानांच्या मते पुरुषाने बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग झाकणे अनिवार्य आहे. गुडघ्याखाली पोहोचणारी सैल चड्डी पाण्यातही सोयीची असते. कार्यालयात जाणाऱ्या तरुणांनीही सावध राहावे. आखूड टी-शर्ट आणि कमरेखाली घसरणारी पँट घालून सजद्यात गेल्यावर पाठीखालचा भाग उघडा पडतो. लांब सदरा किंवा आत खोचलेला बनियन एवढ्यानेही हा दोष टळतो.

आता सोयीचा विचार करू. काहींना वाटते की, अंगाला त्रास देणारा पोशाख अधिक धार्मिक असतो. या समजुतीला शरीअतमध्ये आधार नाही. पुरुषांसाठी रेशीम निषिद्ध आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. तरीही ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आणि ह. जुबैर (रजि.) यांच्या अंगाला खाज सुटत असे, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना रेशीम वापरण्याची परवानगी दिली. निषिद्ध वस्त्राच्या बाबतीतही शरीराच्या त्रासाची अशी दखल घेतली गेली असेल, तर जे मुळात वैध आहे त्यात सोय पाहणे हा दोष कसा ठरेल? सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. अशा वेळी सैल सुती कपडे, डोक्यावर टोपी किंवा रुमाल आणि अंगाला हवा लागू देणारा हलका बुरखा निवडणे म्हणजे उन्हापासून वाचविणाऱ्या वस्त्रांबद्दल कुरआनाने करून दिलेल्या आठवणीला कृतज्ञतेने दिलेला प्रतिसाद आहे. जाड कृत्रिम धाग्याच्या काळ्या कपड्यात घुसमटून फडात किंवा बाजारात भोवळ येणे हे पुण्य नव्हे.

संरक्षणाचा उद्देश तर याहून गंभीर आहे, कारण येथे प्रश्न प्राणाचा येतो. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, अशी ताकीद सूरह अल्-बकराच्या १९५व्या आयतीत आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. आपल्या भागातही ऊस, केळी आणि डाळिंबावर फवारणी होते. तोंडाला नुसता रुमाल गुंडाळून आणि उघड्या हातांनी औषध कालविण्याला आपण धाडस म्हणतो. शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि हातमोजे, मुखवटा, बूट व पूर्ण बाह्यांचा सदरा हा त्या अमानतीचा पोशाख आहे. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी या गावांदरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण बुडाले. अशा विस्तीर्ण पाण्यावर रोज ये-जा करणाऱ्याने अंगात लाइफ जॅकेट चढविणे हे अल्लाहवरील भरवशाच्या विरुद्ध नाही. आधी उंट बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. ह. दाऊद (अ.) यांना चिलखत बनविण्याची कला अल्लाहनेच शिकविली, असे सूरह अल्-अंबियाच्या ८०व्या आयतीत सांगितले आहे. लोखंडी कड्यांचे चिलखत ज्या कारणासाठी अल्लाहची देणगी ठरले, त्याच कारणासाठी लाइफ जॅकेट आणि हेल्मेटही देणगीच ठरतात.

कडबाकुट्टी, मळणी यंत्र आणि पिठाची गिरणी यांच्या पट्ट्यात पदर, ओढणी किंवा सैल बाही अडकण्याचा धोका ग्रामीण भागात सर्वांना ठाऊक आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमातही चालत्या यंत्राची पाहणी किंवा वंगण करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत, अशी तरतूद आहे. अशा जागी भगिनींनी मोठी ओढणी मोकळी सोडण्याऐवजी डोके आणि छाती नीट झाकेल असा स्कार्फ पिनांनी बसवावा, त्याची टोके आत खोचावी आणि वरून गुडघ्यापर्यंतचा जाड कोट चढवावा. लज्जारक्षणही होते आणि प्राणही सुरक्षित राहतो.

येथे एक प्रश्न उद्भवतो. ऊस तोडताना पात्याच्या धारेने हात चिरतात. म्हणून आपल्याकडील स्त्रिया साडीवर घरच्या पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवितात. पुरुषांसारखा वेश करणाऱ्या स्त्रियांचा आणि स्त्रियांसारखा वेश करणाऱ्या पुरुषांचा प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे. मग हा शर्ट त्या मनाईत येतो काय? मनाई नक्कल करण्याची आहे. फडातील त्या माउलीला पाहून कोणी पुरुष समजत नाही आणि तिच्या मनातही तसा हेतू नसतो. तिने हात झाकले आहेत आणि जखमेपासून स्वतःला वाचविले आहे. तिच्याकडे बोट दाखविण्याआधी आपण तिच्या हातावरचे ओरखडे पाहावेत.

शोभा हा पोशाखाचा आणखी एक उद्देश. त्याच सूरह अल्-आराफमध्ये, पुढच्या ३१व्या आयतीत, प्रत्येक नमाजच्या प्रसंगी शोभा धारण करण्याची आज्ञा आहे आणि लगेच अपव्ययाची मनाईही आहे. ३२व्या आयतीत अल्लाह विचारतो की, त्याने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा हराम ठरविणारा कोण? त्या काळी काही अरब लोक विवस्त्र होऊन काबागृहाला प्रदक्षिणा घालीत आणि त्यालाच धार्मिकता समजत. अल्लाहने ती खोटी धार्मिकता नाकारली. आपला कपडा आणि आपले पायताण चांगले असावे असे वाटणे हा अहंकार आहे काय, असे विचारले असता प्रेषितांनी (स.) सांगितले की, अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे, सत्य धुडकावणे आणि लोकांना तुच्छ लेखणे हा अहंकार होय. ही हदीस मुस्लिममध्ये आहे.

यावरून आवडीनिवडीला धर्मात जागा आहे, हे उघड होते. प्रेषितांना (स.) पांढरा रंग आवडे. त्यांनी हिरवी वस्त्रे वापरली आणि यमनी कापडही वापरले. तबूकच्या प्रवासात त्यांच्या अंगात शाम देशाचा जुब्बा होता. त्याच्या बाह्या इतक्या अरुंद होत्या की, वुजू करताना त्यांना जुब्ब्याखालून हात बाहेर काढावे लागले. परदेशी धाटणीचा म्हणून त्यांनी तो टाकून दिला नाही. अल्लाहने सर्व मुस्लिमांना एकच गणवेश नेमून दिलेला नाही. म्हणून आपल्या भागातील वडीलधाऱ्यांचे धोतर आणि फेटा, स्त्रियांचे लुगडे, आजच्या तरुणाची जीन्स, शिक्षिकेचा फुलांच्या नक्षीचा सलवार-कुर्ता यांपैकी कशावरही ‘इस्लामी’ किंवा ‘गैरइस्लामी’ असा शिक्का कापडाच्या नावावरून मारता येत नाही. अंग झाकले आहे काय, कापड पारदर्शक किंवा अंगाची ठेवण दाखविणारे नाही ना, पुरुषाने रेशीम व सोने टाळले आहे काय, इतर धर्मांचे विशेष धार्मिक चिन्ह त्यात नाही ना, आणि खर्च ऐपतीत आहे काय, हे पाहावे. या मर्यादांच्या आत रंग, काठ, शिलाई आणि टोपीची घडी ज्याच्या-त्याच्या आवडीची.

एक धोका मात्र ओळखावा. प्रसिद्धीसाठी घातलेल्या पोशाखाविषयी प्रेषितांनी (स.) परलोकातील अपमानाचा इशारा दिला आहे. हा दोष भरजरी कपड्यात असू शकतो आणि लोकांनी विरागी म्हणावे म्हणून मुद्दाम घातलेल्या फाटक्या कपड्यातही असू शकतो. कर्ज काढून महागड्या ब्रँडचा शर्ट घेणारा तरुण आणि शेजाऱ्यापेक्षा वरचढ दिसण्यासाठी भारी बुरखा घेणारी भगिनी, दोघांनीही स्वतःच्या मनाला विचारावे. एकदा नक्षीदार चादरीमुळे नमाजमध्ये लक्ष विचलित झाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती ह. अबू जहम (रजि.) यांच्याकडे पाठविली आणि त्यांची साधी चादर मागवून घेतली. आपला कपडा आपले लक्ष कोठे नेतो, हे ज्याने-त्याने पाहावे.

लज्जेची आज्ञा देताना सूरह अन्-नूरमध्ये प्रथम पुरुषांना नजर खाली ठेवण्यास सांगितले आहे आणि त्यानंतर स्त्रियांना. आपल्या वस्त्यांत हा क्रम उलटा झाला आहे. कामावर जाणाऱ्या मुलीच्या ओढणीची चर्चा चावडीवर होते. त्याच चावडीवर बसलेल्यांच्या नजरेची चर्चा होत नाही. ह. जाबिर (रजि.) यांची मावशी इद्दतच्या काळात खजूर काढण्यास निघाली, तेव्हा एकाने तिला दटावले. ती प्रेषितांकडे (स.) गेली. त्यांनी तिला जाण्यास सांगितले आणि त्या खजुरांतून ती दानधर्म करील, अशी आशा व्यक्त केली. स्त्रीने मर्यादा पाळून काम करणे आणि समाजाने तिला वाट मोकळी करून देणे, अशी ही शिकवण आहे.

नोकरीच्या ठिकाणचे नियम हाही आज महत्त्वाचा प्रश्न आहे. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शिक्षकांच्या पेहरावाविषयी सूचना दिल्या: जीन्स व टी-शर्ट नको, शिक्षिकांसाठी साडी किंवा सलवार, कुर्ता आणि दुपट्टा, शिक्षकांसाठी शर्ट-पँट. करार पाळा, ही सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीतील आज्ञा आहे. ज्या नियमात निषिद्ध काही नाही, तो आपल्या आवडीचा नसला तरी प्रामाणिकपणे पाळावा. नियम धर्माच्या मर्यादेला भिडत असेल, तर भांडण न करता वरिष्ठांना नम्रपणे आणि लेखी सांगावे. धर्माचरणाचे स्वातंत्र्य संविधानाच्या २५व्या अनुच्छेदात दिलेले आहे. शांतपणे आणि सन्मानाने मागणी करणारा माणूस आपल्या धर्माची प्रतिष्ठाही राखतो.

आपल्यापैकी जे स्वतः मालक, बागायतदार किंवा मुकादम आहेत, त्यांच्यासाठी ह. अबू जर (रजि.) यांची आठवण पुरेशी आहे. लोकांनी पाहिले की, त्यांच्या अंगावर जसे वस्त्र होते तसेच त्यांच्या सेवकाच्या अंगावरही होते. कारण विचारले असता त्यांनी प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली: तुमच्या हाताखालची माणसे तुमचे भाऊ आहेत, जे तुम्ही खाता ते त्यांना खाऊ घाला, जे तुम्ही नेसता ते त्यांना नेसवा आणि शक्तीबाहेरचे काम त्यांच्यावर लादू नका. सोलापुरात गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे. सोलापुरी चादर आणि टॉवेल दूरवर जातात. ते विणणारे आणि शिवणारे हात, तसेच आपल्या बागेत फवारणी करणारे हात, स्वतः कोणत्या कपड्यात आहेत? मजुराला हातमोजे आणि बूट देणे हा उपकार नव्हे, तो त्याचा हक्क आहे. स्वतःच्या मुलाला ज्या कपड्यात फवारणीला पाठविणार नाही, त्या कपड्यात दुसऱ्याच्या मुलाला पाठवू नका.

बंधूंनो आणि भगिनींनो, तकव्याचे वस्त्र बाजारात मिळत नाही आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. अल्लाह तुमच्या रूपाकडे आणि संपत्तीकडे पाहत नाही, तो तुमच्या अंतःकरणाकडे आणि कर्मांकडे पाहतो, हे प्रेषितांचे (स.) सांगणे आहे. तेव्हा येत्या जुमाला सफमध्ये तुमच्या शेजारी केळीच्या डागांचा शर्ट घातलेला बंधू येऊन उभा राहिला, तर किंचितही अंग न चोरता त्याच्या खांद्याला खांदा लावा. कदाचित त्याच्या हलाल कमाईचा तो डाग तुमच्या इस्त्रीच्या पोशाखापेक्षा अल्लाहला अधिक प्रिय असेल.

हे अल्लाह! तू आम्हाला वस्त्र दिलेस, त्याबद्दल सर्व स्तुती तुझीच. आमच्या कष्टाच्या कपड्यांत बरकत दे, आमच्या मजुरांचे आणि मासेमारांचे प्राण सुरक्षित ठेव, आमच्या नजरेला लज्जा दे आणि आमच्या अंतःकरणांना ईशभयाचा पोशाख चढव. आमीन.